सगळ्याच सॉल्टमध्ये क्लोराइड येतोय? आधी पाणी तपासा

बारावीच्या बॅचला सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार कशाचा बनलाय ते ओळखण्याचं काम, दिलेलं असतं. सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका आला, की क्लोराइड असं समजायचं. टेबलावर सात-आठ वेगवेगळी सॉल्ट्स, त्यांतली क्लोराइडची फार तर दोन. अर्धा तास होतो न होतो तोच हात वर यायला लागतात. झिंक सल्फेटवाला म्हणतो पांढरं आलं, मॅग्नेशियम सल्फेटवाली म्हणते पांढरं आलं, पोटॅशियम नायट्रेट मिळालेल्या मुलाच्या नळीतही पांढरं. मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, माझ्यातय पांढराच इला."

आमचं कनिष्ठ महाविद्यालय सिंधुदुर्गात, खाडी समुद्राला मिळते तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. हा प्रकार मी बरीच वर्षं पाहत आले आणि तितकीच वर्षं त्याचं खापर मुलांवर फोडत आले. नळ्या नीट धुतल्या नाहीत, ड्रॉपर बदलला, लक्ष नव्हतं. एका मुलीने झिंक सल्फेटला झिंक क्लोराइड लिहिलं म्हणून मी तिचे गुण कापले. तिने वहीत निरीक्षण प्रामाणिकपणे लिहिलं होतं, नळी मला दाखवलीही होती. नळीत क्लोराइड होताच. तो तिच्या सॉल्टचा नव्हता, आमच्या पाण्याचा होता, हे मला नंतर कळलं.

किनाऱ्यावरच्या ज्या शाळा-कॉलेजांत दरवर्षी हेच होतं, त्यांच्यासाठी आम्ही कारण कसं शोधलं आणि आता काय करतो ते सविस्तर लिहितेय.

पहिली खूण: महिना

जुन्या जर्नल्स काढून बसले तेव्हा एक गोष्ट दिसली. गणपतीच्या सुट्टीआधी झालेल्या प्रयोगांत मुलांची उत्तरं बहुतेक बरोबर होती. दिवाळीनंतर चुका सुरू होत होत्या, संक्रांतीनंतर वाढत होत्या आणि फेब्रुवारीत, म्हणजे नेमक्या बोर्डाच्या प्रात्यक्षिकाच्या तोंडावर, सगळा वर्ग क्लोराइड लिहीत होता. मुलं तीच, सॉल्टच्या बाटल्या त्याच, शिकवणारी मीच. ऋतूप्रमाणे बदलणारं या खोलीत एकच होतं, पाणी.

त्याच आठवड्यात आमचे प्रयोगशाळा परिचर चहा देताना सहज म्हणाले, "बाई, चाय पण मचूळ लागता हल्ली." मी तेव्हा जर्नल मिटवून, आमच्या नळाला जिचं पाणी येतं त्या विहिरीकडे गेले.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला सुमारे १९ ग्रॅम निव्वळ क्लोराइड असतो. विहिरीच्या शंभर घागरी पाण्यात समुद्राची एकच घागर मिसळली, तरी लिटरमागे जवळजवळ १९० मिलिग्रॅम क्लोराइड वाढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि जिभेला खारेपणा साधारण त्याच सुमाराला जाणवू लागतो. म्हणजे जिभेला अजून पत्ताही नसतो तेव्हा सिल्व्हर नायट्रेटला पाणी कधीच कळलेलं असतं.

पावसाळ्यात जमिनीतलं गोडं पाणी वर चढलेलं असतं आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून ठेवतं. गोडं पाणी हलकं, समुद्राचं सुमारे अडीच टक्के जड. या फरकामुळे हिशेबाने असं निघतं की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर खालची खारी सीमा जवळजवळ चाळीस मीटर वर सरकू शकते. प्रत्यक्ष आकडा दगडावर, भेगांवर आणि उपशावर अवलंबून राहतो, पण दिशा हीच. म्हणून फेब्रुवारीत विहीर आटायला लागली की खाडी आत येते. त्यात पंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. ती पाणी निर्जंतुक करते, पण क्लोराइडमध्ये थोडी भरच घालते.

अमोनियाने विरघळला, तरी फसगत

मुलांना आणि आपल्यालाही इथे चकवा बसतो. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा अवक्षेप (साका) आला, डायल्यूट नायट्रिक ॲसिडमध्ये तो विरघळला नाही, अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला. पुस्तकाप्रमाणे क्लोराइड पक्का. पाण्यातून आलेला क्लोराइडही यातली प्रत्येक पायरी तशीच पार करतो, कारण तोही खराच क्लोराइड आहे. पुष्टीची चाचणी पदार्थ ओळखते, तो कुठून आला हे तिला विचारण्याची सोयच नाही.

सिल्व्हर क्लोराइड पाण्यात किती कमी विरघळतो पाहा. त्याचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे पाण्यात तो किती मावतो याचं माप, २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.८ × १०⁻¹⁰ आहे. नळीतल्या २ मिली द्रावणात ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब पडला, की लिटरला मिलिग्रॅमच्या काही हजाराव्या भागाइतका क्लोराइडसुद्धा हिशेबाने त्या पाण्यात मावत नाही. डोळ्यांना गढूळपणा दिसायला त्यापेक्षा बराच जास्त क्लोराइड लागतो. तरी आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही विहिरीत तेवढा तो बारा महिने असतो.

मग फरक ओळखायचा कसा? किती आलं ते पाहून. चिमूटभर मीठ, समजा ०.२ ग्रॅम सोडियम क्लोराइड, १० मिली पाण्यात घातलं तर त्या द्रावणात लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्लोराइड होतो. अगदी २५० मिलिग्रॅमच्या विहिरीशी तुलना केली तरी जवळजवळ ५० पट. म्हणून क्लोराइडच्या सॉल्टमध्ये सिल्व्हर नायट्रेट पडताच दूध नासल्यासारखे गोळे होतात आणि ते खाली बसतात. पाण्याच्या क्लोराइडने नळी फक्त धूसर होते, नारळाचा तिसऱ्यांदा पिळलेला रस असतो तशी. दोन्ही एकदा शेजारी शेजारी पाहिले की मूल पुन्हा चुकत नाही.

पण आपण मुलांना सवय लावली आहे ती दोन शब्दांची: "व्हाइट पीपीटी", म्हणजे पांढरा अवक्षेप. गोळे असोत, धूसर असो, स्फटिक असोत, वहीत एकच. मी आता ते शब्द एकटे चालवून घेत नाही. दाट की विरळ, लगेच की दोन मिनिटांनी, खाली बसला की तरंगतोय, हे लिहायलाच लावते. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, पण तेवढ्याने अर्ध्या चुका वहीतच पकडल्या जातात.

कोरी चाचणी: तीन नळ्या, पाच मिनिटं

ज्या नळीत सॉल्ट सोडून बाकी सगळं घातलंय ती कोरी चाचणी. आमच्याकडे कुठलाही प्रयोग सुरू व्हायच्या आधी ती आता होतेच. दोष नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून नळ्या या क्रमाने लावते.

पहिल्या नळीत नव्या, न फोडलेल्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर. दुसऱ्या नळीत मुलांच्या टेबलावरच्या वॉश बॉटलमधलं पाणी. तिसरी नळी मुलांनी धुऊन ठेवलेल्या स्टँडवरून उचलायची आणि तिच्यात पुन्हा नव्या कॅनचं पाणी घ्यायचं. तिन्हींत डायल्यूट नायट्रिक ॲसिडचे चार-पाच थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन. काळ्या पुठ्ठ्यासमोर धरायच्या आणि दोन मिनिटं थांबायचं. पांढऱ्या टाइल्ससमोर हलका गढूळपणा दिसत नाही, त्यामुळे पुठ्ठा काळाच हवा.

पहिलीच गढुळली तर कॅन किंवा रसायनं वाईट. पहिली स्वच्छ आणि दुसरी गढूळ असेल तर वॉश बॉटल. पहिल्या दोन स्वच्छ आणि तिसरी गढूळ असेल तर नळ्या धुण्यात गडबड.

आमच्याकडे दुसरी आणि तिसरी, दोन्ही गढुळल्या. वॉश बॉटल रिकामी झाली की मुलं ती सरळ नळाखाली धरत होती. कॅन कपाटात कुलपात होता, चावी माझ्याकडे, आणि डिस्टिल्ड वॉटर जपून वापरा असं मीच दर तासाला बजावत होते. पाणी वाचवायला सांगून मीच त्यांना नळाकडे पाठवत होते. आता कॅन टेबलावर असतो. खर्च थोडा वाढला, पण दर फेब्रुवारीला वाया जाणारे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब त्याहून महाग पडत होते.

नळ्यांचा उपाय सोपा निघाला. नळाच्या पाण्याने कितीही धुवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळायचं. थोडं थोडं दोनदा, एकदाच भरपूर नाही. नळीत १ मिली मचूळ पाणी राहिलं आणि ९ मिली स्वच्छ पाण्याने एकदा खळबळून ओतलं, की उरलेल्यात क्लोराइड दहाव्या भागावर येतो. तितक्याच पाण्याचे दोन भाग करून, साडेचार-साडेचार मिलीने दोनदा खळबळलं, तर तो तिसाव्या भागावर येतो. पाणी तेवढंच, काम तिप्पट. हा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवा, त्यांना फार आवडतो.

कॅनच दोषी असेल तर

कॅनमधलं पाणी बाहेरून आणलं असेल तर तो कॅन आधी कशाचा होता ते विचारा. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा कॅन धुऊन पाण्याला वापरलेला मी पाहिला आहे. कॉलेजचंच स्टीलचं डिस्टिलेशन युनिट असेल तर ते काठोकाठ भरू नका. पाणी जोरात उसळलं की वाफेबरोबर खारे शिंतोडे पलीकडे जातात आणि तेच पाणी डिस्टिल्ड म्हणून साठतं. आत पांढरी खपली जमली असेल तर ती काढा, आणि सुरुवातीचं थोडं पाणी फेकून द्या.

पर्याय म्हणून लोक काय काय वापरतात तेही सांगते. उकळलेलं पाणी, गाळलेलं पाणी, तुरटी फिरवलेलं पाणी या तिन्हींतून मीठ अजिबात जात नाही, उकळल्याने तर ते वाढतं. घरच्या आरओचं पाणी प्यायला गोड असलं तरी या चाचणीत बहुतेक वेळा धूसर होतं. गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणी आमच्या अनुभवात चाललं, पण दर कॅन तपासून. पावसाचं पाणी हवंच असेल तर मोकळ्या अंगणात स्वच्छ पातेलं ठेवून, चांगल्या दोन-चार सरी होऊन गेल्यावर धरा. पागोळीचं नको, कौलांवर वर्षभर खारा वारा बसलेला असतो. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर मी विसंबत नाही, त्यात धूळ आणि धातूचे अंश येतात.

रसायनांतले लपलेले दोष

सिल्व्हर नायट्रेटची बाटली उजेडासमोर धरा. तळाला जांभळट-काळा गाळ दिसला तर ते द्रावण बनवतानाच पाणी वाईट होतं. सिल्व्हर क्लोराइड तिथेच पडला आणि उजेडाने काळवंडला. असं द्रावण क्षीणही झालेलं असतं. नवं बनवा आणि गडद तपकिरी बाटलीत ठेवा.

सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट (सॉल्ट सोडियम कार्बोनेटबरोबर पाण्यात उकळून गाळलेलं द्रावण) वापरत असाल तर फसफसणं पूर्ण थांबेपर्यंत डायल्यूट नायट्रिक ॲसिड घाला, नाहीतर सिल्व्हर कार्बोनेटचा अवक्षेप क्लोराइड म्हणून वहीत जातो. आणि ॲसिड नायट्रिकच आहे ना, हे लेबल वाचून. शेजारी हायड्रोक्लोरिकची तशीच बाटली असते. घाईत ती उचलली, की बाहेरून क्लोराइड ओतून आपण क्लोराइड शोधत बसतो.

सल्फेटचं द्रावण फार दाट केलं तर सिल्व्हर सल्फेटचे पांढरे स्फटिक पडू शकतात. भरपूर पाणी घातलं किंवा गरम केलं की ते विरघळतात, सिल्व्हर क्लोराइड तसा विरघळत नाही.

अंगठा! नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवायची सवय मोडून काढा. मार्चमधल्या आपल्या दमट दुपारी हात घामाने निथळत असतात आणि घामात मीठ असतं. ही एवढीशी गोष्टही कोरी चाचणी बिघडवते. मी मुद्दाम दोन नळ्यांत करून दाखवते, एक अंगठ्याने हलवलेली, एक बोटाच्या टिचकीने.

पाणी न वापरता पडताळा

शंका राहिली तर कोरड्या सॉल्टला विचारा. कोरड्या नळीत चिमूटभर सॉल्ट, त्यावर कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडचे काही थेंब. क्लोराइड असेल तर रंगहीन, नाकाला झोंबणारा वायू येतो, आणि अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी धरली की दाट पांढरा धूर होतो. इथे विहिरीचं पाणी मध्ये येतच नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या जर्नलमध्ये या चाचणीपुढे "वायू नाही" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कोरडी चाचणी नाही म्हणत होती आणि ओली हो म्हणत होती. हा विरोध तिच्या वहीत दोन ओळींच्या अंतरावर होता आणि तपासताना मी तो वाचला नाही.

धूर पाहताना हायड्रोक्लोरिकची बाटली जवळ उघडी नको, तिच्यामुळेही कांडीभोवती धूर होतो. चष्मा आणि उघड्या खिडक्या हव्यातच. तोंड नळीवर नेऊन वास घ्यायचा नाही, हाताने वारा ओढून घ्यायचा. अमोनिया घातलेल्या सिल्व्हरच्या नळ्या तशाच ठेवून घरी जायचं नाही, हेही इथेच सांगते. ते द्रावण साठून राहिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. तास संपताच डायल्यूट नायट्रिक ॲसिडने आम्लधर्मी करा आणि सिल्व्हरच्या कचऱ्याच्या बाटलीत टाका.

याच पाण्याची आणखी सोंगं

लेड नायट्रेट नळाच्या पाण्यात घातलं की ते लगेच दुधाळ होतं आणि मुलं लिहितात, "सॉल्ट पाण्यात विरघळत नाही." ते विरघळतं. पाण्यातले कार्बोनेट आणि सल्फेट शिशाला धरून खाली बसतात.

सल्फेटच्या चाचणीचं तेच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतो, त्यामुळे बेरियम क्लोराइडनेही कोरी नळी धूसर होऊ शकते.

फ्लेम टेस्टमध्ये, म्हणजे तारेवर सॉल्ट घेऊन ज्योतीत धरतो तेव्हा, पोटॅशियमची जांभळट ज्योत कधी दिसतच नाही, सगळं पिवळं. तारेला बोट लागलं तरी सोडियम येतो आणि दुपारी खारे वारे सुटले की टेबलावरही त्याचा थर बसतो. तार कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून पुन्हा पुन्हा तापवा, पिवळा रंग जाईपर्यंत, आणि ज्योत निळ्या कोबाल्ट काचेतून पाहा. फ्लेम टेस्ट सकाळच्या बॅचला ठेवलेली बरी.

आणि लोहाच्या चाचणीत थायोसायनेटने कोरी नळी लालसर झाली तर आधी जांभ्याच्या विहिरीवर संशय जातो. पण पिवळं दिसणारं, बाजारी प्रतीचं हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरलंय का तेही बघा. तो पिवळेपणा बहुधा लोहाचाच असतो.

पाणी मोजून पाहा

बॅचला एक दिवस मिळाला तर हीच अडचण प्रयोग म्हणून द्या. मोर सॉल्ट, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, मुलांना माहीत असतं. ज्या जर्मन रसायनज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं, त्या कार्ल फ्रेडरिक मोरचीच क्लोराइड मोजायची पद्धत आहे, १८५६ सालची. विहिरीचं ५० मिली पाणी घ्या, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाका, ब्युरेटमध्ये ०.०२ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. आधी सगळा क्लोराइड पांढरा होऊन पडतो, तो संपला की पिवळ्या द्रावणात विटकरी छटा टिकते, तिथे थांबा. डिस्टिल्ड वॉटरचं कोरं रीडिंग वजा करा आणि उरलेल्या मिलीला १४.२ ने गुणा. उत्तर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये येतं. समजा ९.५ मिली लागलं आणि कोरं रीडिंग ०.२ होतं, तर ९.३ गुणिले १४.२, म्हणजे सुमारे १३२. पाणी फार आम्ल किंवा फार आम्लारी नको, पीएच ७ ते १० च्या दरम्यान असावा. क्रोमेट विषारी आहे, ते शिक्षकांनीच घालावं.

आमची मुलं आता आपापल्या घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन येतात. खाडीकाठचं, सड्यावरचं, बागेतलं. दर महिन्याला एकदा मोजून आकडा प्रयोगशाळेच्या दारामागच्या तक्त्यावर लिहितो. डिसेंबरनंतर खाडीकाठच्या घरांचे आकडे चढताना मुलं स्वतः बघतात आणि घरी सांगतात.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी

सकाळी साडेसातला कोरी चाचणी. पाणी स्वच्छ निघालं तर प्रश्न मिटला. धूसर निघालं आणि दुसरं पाणी मिळण्यासारखं नसलं, तर बाहेरून आलेल्या परीक्षकांना मुलं आत यायच्या आधी ती नळी दाखवा. मी दोनदा दाखवली, दोन्ही वेळा त्यांनी मान्य केलं. प्रत्येक टेबलावर एक कोरी नळी तयार ठेवा आणि मुलांना सांगा: तुमची नळी तिच्या शेजारी काळ्या पुठ्ठ्यासमोर धरा, जेवढं तिच्यात आहे तेवढंच तुमच्यात असेल तर ते पाण्याचं, वहीत दोन्ही निरीक्षणं लिहा.

त्या मुलीचं जर्नल ऑफिसमधून परत मागवून घेतलं. झिंक क्लोराइडवरची लाल काट तशीच आहे. तिच्या खाली तारीख घालून लिहिलं, "निरीक्षण बरोबर, पाणी दूषित, गुण परत", आणि सही केली.